बेटामागच्या अकरा नळ्या

सेक्टर १, भिलाई
१२ फेब्रुवारी १९६२

व्याही मारोतराव यांना भय्याजीचा मानाचा जय भीम. आम्ही खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याची सूज आणि आमच्यावरचा राग, दोन्ही उतरले असावेत अशी आशा करतो (निदान सूज तरी).

कांताच्या लग्नानंतरच्या पंगतीत तुमच्या ताटात मटणाची एकही नळी पडली नाही. मान पडली, पण मान मिळाला नाही, असं म्हणून चौदा महिने तुम्ही पोरीला माहेरी धाडलेलं नाही. नागपूरला आपण सगळा उच्चनीच भेद सोडून आलो आणि नळीवर येऊन अडलो. आता त्याचा शास्त्रीय निकाल लागला आहे, तो शांतपणे वाचावा.

झालं असं की प्लांटच्या पायव्यात जुनी खापरं निघाली, ती पाहायला पुण्याचे एक प्रोफेसर आले. मी मराठी म्हणून त्यांना माझ्या गळ्यात बांधलं. ते म्हणाले, "मी बेटांवरच्या जुन्या लोकांचं जेवण शोधतो. हाडं सापडली की कळतं, त्यांच्यात मोठा कोण होता." मी म्हटलं, "बेट तं आमच्या क्वार्टरमागंच हाय, चाला." आणि त्यांना बांबूच्या बेटाशी नेऊन उभं केलं. त्यांना समुद्रातलं बेट म्हणायचं होतं, हे ते पोट धरून हसले तेव्हा कळलं. (समुद्र मी पाहिलेला नाही, बांबू रोज पाहतो.)

पण माणूस नादिष्ट. आलोच आहोत तर म्हणून खुरपं मागून बसले. तिकडे त्यांच्या बेटांवर म्हणे कासव सरदार खाई आणि बाकीच्यांना शिंपले. आमच्या पंगतीचं उष्टं पुरलेल्या खड्ड्यात त्यांना नुसत्या माना आणि बरगड्या सापडल्या. बेटामागं मात्र अकरा नळ्या, फोडून, चोखून साफ. "तुमचा सरदार इथं एकटाच जेवला," ते म्हणाले.

तेव्हा व्याही, सिद्ध झालं की पंगतीत नळी कोणालाच मिळाली नाही. अपमान तुमचा एकट्याचा नव्हता, आमच्याही लोकांचा तेवढाच झाला.

आपला,
भय्याजी

ता. क. येत्या रविवारी कांताला धाडा. गोंदियाच्या गाडीची वेळ झाली की तिची आई दारात येऊन उभी राहते.

ता. क. दुसरा. कांताच्या आईनं, भागीरथानं, हे पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "सरदाराचं नाव कावून नाही लिवलं?" तर लिहितो. बेटामागं मीच बसलो होतो. मांडवाच्या धावपळीत सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून कांतानं पदराखाली झाकून नळ्यांनी भरलेला गंज आणून दिला. चौदा महिने तुमच्या घरचे टोमणे ऐकूनही पोरीनं बापाचं नाव घेतलं नाही. तिला बोलू नका, मला बोला. तिच्यासोबत तुम्हीही या. या खेपेला नळ्याही तुमच्या आणि मानही तुमचाच. मला मानेचे तुकडे चालतील, पंगतीत बसून.