आधी आपलं कॉन्ट्रॅक्ट

प्रिय सुशांत,

ॲरिझोनात, चँडलरच्या उन्हात तुझं छान चाललं असेल. असिस्टंट प्रोफेसर झालास, अभिनंदन. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीत अजून बर्फ आहे आणि माझा थीसिसही तसाच गोठून पडलाय.

परवा इंडियन स्टोअरमध्ये सुलभा मावशी भेटल्या. कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये तुला रांगेबाहेरून डोसा देणाऱ्या. आता त्या दुकानाच्या मागच्या खोलीत भाज्या पॅक करतात. "आपला सुशांत वेळेवर जेवतो ना गं?" असं विचारत होत्या. त्यांना तुझा राग येत नाही, म्हणून तो मला करावा लागतो.

शेजारच्या वुस्टरमधल्या त्या आयरिश क्लबात तू आम्हाला आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा शिकवायचास. समाजवाद्यांनी राष्ट्रवाद्यांशी हात मिळवावा का, मिळवला तर कामगारांचं काय, यावर तू तावातावानं बोलायचास. १९१८ च्या निवडणुकीतून तिथल्या मजूर पक्षानं माघार घेतली, आधी देश, मजुरांचं मग, हे सांगताना टेबलावर मूठ आपटायचास. पुढे कामगारांनी लोण्याचे कारखाने ताब्यात घेऊन लाल झेंडे लावले आणि ते उतरवायला स्वराज्याचेच सैनिक आले, हे सांगताना तुझा आवाज भरून यायचा. मी तुझ्या प्रेमात पडले ती तेव्हाच. आता कीव येते, तुझी नाही, माझ्या आवडीची.

मग आपला संप झाला. शिकवणारे आपण ग्रॅड स्टुडंट्स आणि डायनिंग हॉलचे कामगार, दोघांनी एकत्र बाहेर पडायचं, एकानं दुसऱ्याला सोडून करारावर सही करायची नाही, हा ठराव तुझाच होता. सुलभा मावशी उभ्या राहून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या होत्या, "वी ट्रस्ट द स्टुडंट्स." सगळ्यात मोठ्यानं टाळ्या तू वाजवल्यास. स्वयंपाकघरं बंद पडली, म्हणून तर कॉलेज नरमलं. आपण शिकवणं थांबवल्यानं कुणाचं काय अडलं होतं?

मॅनेजमेंटनं तुला एकट्याला बोलावलं. त्यांची ऑफर अशी: ग्रॅड्सना पगारवाढ आणि हेल्थ इन्शुरन्स. डायनिंग हॉल कॉन्ट्रॅक्टरचा, तिथल्या कामगारांचं नंतर बघू. तू मीटिंगला आलास तो चेहऱ्यावर समजूतदारपणा चढवूनच. "यार, बी रिअलिस्टिक. आधी आपलं कॉन्ट्रॅक्ट पदरात पाडून घेऊ, मग पूर्ण ताकदीनं त्यांच्यासाठी लढू. याला स्ट्रॅटेजी म्हणतात." मी विचारलं, आयर्लंडमध्ये याहून वेगळं काय म्हणाले होते? तू म्हणालास, "दॅट्स हिस्टरी, आसावरी." ज्या हिस्टरीवर तू पोट भरतोस, ती!

बहुतेकांनी तुझ्या बाजूनं मत दिलं. व्हिसा जाईल म्हणून घाबरलेल्या पोरांना मी दोष देत नाही. पण तू घाबरला नव्हतास. ॲरिझोनाची नोकरी तुझ्या खिशात होती आणि तिथे जाताना तुला पराभव नको होता. आपण वर्गात परतलो, त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरनं संपात पुढाकार घेतलेल्या सगळ्या कामगारांना काढून टाकलं. तुझी "पूर्ण ताकद" तेव्हा सामान बांधत होती. काढलेल्यांपैकी मावशी एकट्याच गेटवर बोर्ड घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी मी होते. तुला फोन केला, तू उचलला नाहीस. त्यानंतर मी तुला फोन करणंच सोडलं, आणि आपलं जे काही होतं ते तिथेच संपलं. तुला ते कळायला महिना लागला.

आता तुझा पेपर वाचला. आयरिश मजूर पक्षाच्या माघारीला तू "विश्वासघात" म्हटलंयस. तळटीपा उत्तम आहेत.

पत्र लिहायचं कारण असं की, आपली ग्रॅड्सची युनियन पुढच्या महिन्यात कॉलेजच्या ऑडिटोरियममध्ये तुझा सत्कार करतेय, "यशस्वी संपाचा नेता" म्हणून. तुझं तिकीटही काढलंय म्हणे. तुझा परिचय मी करून देईन का, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी आनंदानं हो म्हटलं. वर लिहिलंय तेच सांगणार आहे, नेमकं याच क्रमानं. पहिल्या रांगेत सुलभा मावशी आणि काढून टाकलेले बाकीचे बसतील, त्यांना मी स्वतः घेऊन येतेय. तुला आधी कळवतेय, कारण पाठीमागून वार करायची सवय मला नाही. यायचं की नाही ते तू ठरव. तू आला नाहीस, तरी परिचय होणार आहे.

तुला पुरती ओळखणारी,
आसावरी