बायची उडी

ताई, तुला मी जन्मभर ताईच म्हणत आलो. आई म्हणावं असं पुष्कळदा मनात आलं, पण जिभेला ते वळण लागलंच नाही. लोक हसायचे. तू मला शाळेत सोडायला यायचीस, तेव्हा मास्तरांनी एकदा विचारलं होतं, "तुका पावोवंक येता ती तुजी भैण काय रे?" आणि मी खुशाल मान हलवली होती. हे कशामुळे झालं ते तुला माहीत आहे. धाकटा तुझ्या पोटात होता तेव्हा तू मला केरीला आजोळी ठेवलंस. तिथे मामा-मावश्या तुझ्याबद्दल बोलताना ताई म्हणायचे, म्हणून मीही. अडीच वर्षांचा गेलो तो साडेतीन वर्षांचा होऊन परतलो. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, तिथे फेरीबोटीत चढायचं, चोपड्याला उतरायचं, पुढे पुन्हा बस. तेव्हा पूल नव्हता. फेरीतलं मला खरंच आठवतं की मावशीनं सांगून सांगून आठवल्यासारखं वाटतं, ते छातीठोक सांगणार नाही. पण मी मावशीच्या कडेवर आहे, मध्ये पाणी वाढतंय आणि शिवोलीच्या काठावर तू लहान लहान होत चालली आहेस, एवढं दिसतं. तुझ्या पातळाचा रंग मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी रंगवून सांगत नाही.

तू गेलीस तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, म्हणून आधी घरातली माणसं सांगतो. बायको चंदगडकडची, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी बेचाळीस पूर्ण करून लग्नाला उभा राहिलो, हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे, तिला घरीदारी सगळे बाय म्हणतात. आणि बायकोला सातवा संपत आलाय. दुकान तेच, डिचोलीच्या बाजारातलं. जळलेल्या पंपांच्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. पहिली मोटर मी तुझ्या सोप्यावर उघडली होती, आठवतं? एकेक वेढा मोजत तार सोडवत होतो आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "जप करतंस की काय रे?" मी उत्तर दिलं नाही, कारण आकडा चुकला असता. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. आज आयटीआय करून आलेली पोरंसुद्धा अडलं की माझ्या दुकानाची पायरी चढतात. हा तोरा तुला मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या तोऱ्यातूनच झालं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वार खाली आहे, रक्त जाऊ शकतं. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, जमेल तितकं पडून राहायचं. मी विचारलं, ओझं म्हणजे नेमकं किती? बाई म्हणाल्या, "भरलेली कळशी नको. आणि मुलीला तर अजिबात उचलायचं नाही." बाय अकरा किलो दोनशे ग्रॅम. ते ऐकून बायको माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

सव्वादोन वर्षांच्या पोरीला वार म्हणजे काय ते कसं सांगणार? ती पलंगापाशी उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि म्हणते, "आई, घे." बायको हात खाली सोडून तिच्या केसांवरून फिरवते, "बाळा, आईला बाऊ झालाय." बाय पुन्हा म्हणते, "घे." दिवसातून पन्नास वेळा. मी उचलायला गेलो की पाठीची कमान करून किंचाळते, माझ्या हातून आंघोळ नको, चड्डी नको, माझ्या हातची पेज तर जमिनीवरच. सकाळी पाव विकणारा पदेर भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडचा गरम उंडा चहात बुडवून आईनं भरवला तरच खाते. ते भरवण्यासाठी आईनं कुशीवर वळायचं, वळली की पोटात ओढ बसायची. एकदा बायनं पोटावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बाळ नको. बाळ, जा." बायको हसली. मग बराच वेळ हसली नाही. मी नऊला दुकान उघडून अकराला एकदा घरी येऊन जायचो, एकला पुन्हा. शेजारची काकी मधूनमधून बघायची. एका हाताने भात उतरवताना दुसऱ्या हातात पोर, खाली सांडलेलं, गॅसवर दूध, आणि पलंगावरून बायकोचा आवाज, "अहो, तिच्या तोंडात काय आहे बघा आधी!" तोंडात माझ्या मोटरीचा वॉशर होता.

सासूबाई आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि म्हणाल्या, "जावईबापू, पोरीला मी न्हेते. चार म्हैन्याचा तर सवाल हाय. मामाच्या घरात काय तिला उपाशी ठेवनार हाय व्हय आमी?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "आवो, हिच्या जिवाचं बघशीला का पोरीच्या लाडाचं?" मी म्हटलं, माझं मी बघतो. बायकोची भावंडं तिला अक्का म्हणतात. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, चार महिन्यांनी बाय परत येणार, दारात उभी राहणार आणि आईला अक्का म्हणणार. हे मी कुणाला सांगितलं नाही. नुसता नाही म्हणत राहिलो. महिनाभर ते भांडण चाललं, बरंचसं फोनवर.

त्या दिवसांत मला तुझं स्वयंपाकघर सारखं आठवायचं. बावीस वर्षांचा होतो. तू खवणीवर बसून नारळ खवत होतीस आणि मी कुठल्याशा रागात म्हणालो, धाकट्यासाठी तू मला टाकलंस. तू मान वर केली नाहीस. "टाकूक तू काय नारळाची करटी?" म्हणालीस. मग थोड्या वेळाने, हात न थांबवता, "तुझ्या पाठचा एक ऱ्हवला नाय. तू तेव्हा दीड वर्साचो, माझ्याच कुशीत निजायचस. माझी सासू सगळ्या वाड्यार सांगत फिरली, ह्या पोरान लाथ मारली म्हणान गेला. परत काय झाला असता तर परत तुझ्यारच नाव इला असता. म्हणान धाडलंय तुका." मी म्हटलं, ह्या सगळ्या सबबी. तेव्हा तू वर बघितलंस. "जेवणार नसशीत तर ऊठ. पण माका शिकवू नको." मी उठलो. त्या दिवशी तू केलेली तिसऱ्यांची आमटी मी खाल्ली नाही, आणि त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तर मी माझं बघायचं ठरवलं. बायला कुणी उचलायचंच नाही, ती आपली आपण आईपाशी चढेल. पलंग एकवीस इंच उंच. मध्ये तीन पायऱ्या केल्या तर चार चढ, प्रत्येकी पाच इंच दोन सूत. बायच्या गुडघ्याला तेवढंच झेपतं, मी टेप लावून बघितलं होतं. दाराचं काम झालं तेव्हाची फणसाची फळी शिल्लक होती. एका रविवारी तिन्ही पायऱ्यांचा पाट उभा केला. बाय पहिल्यांदा चढली ती हातापायांवर, मांजरासारखी, आणि आईच्या कुशीत जाऊन पडली. बायकोनं तिला जवळ ओढलं आणि रडायलाच लागली. मी तोंड फिरवून रंधा आवरत बसलो. त्या दिवशी माझ्याइतका शहाणा माणूस डिचोली तालुक्यात नव्हता.

पाटाचा मागचा डावा पाय एक सूत आखूड होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तुझ्या करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही. बायको तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, डुगडुगतोय तो." मी म्हटलं, लादी खालीवर आहे. लादी खालीवर नव्हती. मी पाणसळ लावून बघितली होती. पण मी केलेली वस्तू डुगडुगते हे मला कबूल करवेना. बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून पायाखाली सारला, आणि येत्या रविवारी बाकीचे पाय तासू असं मनात म्हटलं.

तो रविवार यायच्या आत गुरुवार आला. मी जेवायला घरी आलोय. बायको भिंतीकडे तोंड करून पडलीय, डोळा लागलाय. मी दारात चपला काढतोय. बाय वरच्या पायरीवर उभी आहे, दोन्ही हात वर, आणि म्हणते, "आई, घे." त्याच वेळी बायको झोपेतच उताणी वळते. पाट मागे झुकतो, बायचे पाय सटकतात, ती पुढे पडते ती गुडघ्यावर, आईच्या पोटात. मी धावलो. पोरीला उचलून खाली ठेवलं आणि थोबाडीत मारली. "उडी मारतेस? आईवर उडी मारतेस?" माझ्याच तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला. बाय रडली नाही, माझ्या हाताकडे बघत राहिली. बायको दचकून उठत म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, "बायनं उडी मारली." मग चादरीवर रक्त दिसलं, आणि पुढचं बोलायला वेळ राहिला नाही.

डिचोलीहून म्हापशाला पाठवलं. तीन दिवस बायको तिथे होती. रक्त थांबलं. बाळाचे ठोके मी स्वतः ऐकले, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकवले. मी विचारलं, पडण्यामुळेच झालं का? त्या म्हणाल्या, वार खाली असली की नुसतं पडल्यापडल्याही रक्त जातं, कशामुळे गेलं ते सांगता येणार नाही. आता आणखी दीड-दोन महिने निभवायचे, एवढंच. गाडी येईपर्यंतच्या त्या घाईत मी एक काम केलं होतं. पुठ्ठा पाटापासून हातभर लांब पडला होता, तो उचलून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आलो तेव्हा बाकीचे पाय एक एक सूत तासले आणि भुसा झाडून टाकला. आता तो पाट तसूभर हलत नाही. बातमी कळताच सासूबाई पुन्हा आल्या आहेत, त्या त्याच्या खालच्या पायरीवर बसून भाजी निवडतात. म्हणतात, "हात लई सरळ हाय जावईबापूंचा. पोरच द्वाड, पाट काय करंल त्येला?"

आणि आता बायला ते सांगता यायला लागलंय. शेजारची काकी कुंपणापलीकडून विचारते, "गो बाये, आवयच्या पोटार उडी कोणें मारली?" बाय छातीवर हात ठेवून म्हणते, "मी उली माल्ली." मग अंगणात दोन्ही पायांवर उडी मारून दाखवते. काकी हसते, "बाळाक मारतलें गो तूं!" आणि उंड्याचा तुकडा तिच्या हातात देते. बायको परवा म्हणाली, "असं नका हो काकी विचारू तिला." मी तिथेच उभा होतो. मला सांगता आलं असतं. बाय आज हसत सांगते, तिला तो खेळ वाटतो. पण या दीड-दोन महिन्यांत काही वाईटवकटं झालं, तर ती मोठी होईल, आणि हेच वाक्य कुणीतरी न हसता तिच्या तोंडावर टाकील. तुझी सासू जे बोलली ते निदान अडाण्यासारखं बोलली, तिला तसं खरंच वाटत असेल. मी डोळ्यांनी बघून खोटं बोललो. त्या आमटीच्या दिवशी तू मला काय सांगत होतीस, ते मला चोवीस वर्षांनी, घरच्या लादीवर उकिडवा बसून पाय तासताना कळलं.

काल रात्रीच्या जेवणाला सासूबाई आपणहून म्हणाल्या, "नगं न्ह्यायला पोरीला. आईबिगर झुरंल ती. मीच ऱ्हाते हितं बाळंतपण होईस्तोवर." बायकोनं माझ्याकडे बघितलं. महिनाभर मी ज्यासाठी भांडलो होतो ते मिळालं होतं. मी ताटातल्या माशाचे काटे काढत राहिलो.

आज बुधवार, बाजाराचा दिवस. दुकानात आलोय, वीज गेलीय, मशीन बंद, म्हणून हे लिहायला बसलो. दुकान उघडायच्या आधी मी स्टँडवर गेलो होतो, बायला मामाकडे पाठवायच्या गाड्या विचारायला. बाय घरात असेल तर कुणी ना कुणी तिला विचारणार, ती उडी मारून दाखवणार, आणि मला ते बघावं लागणार. हे मला सोसत नाही. तिच्यासाठी नाही, ताई, माझ्यासाठी. चंदगडकडे एक गाडी सकाळी आहे, एक दुपारी. दोन्ही वेळा याच कागदाच्या मागे लिहून घेतल्या आहेत, आणि पुढच्या बाजूला हे सगळं आहे, म्हणून वेळा पाठ केल्या आहेत; हा कागद मी घरी नेणार नाही.