रिकामा गोठा

१२ ऑगस्ट १९५७
दर्यापूरपर्यंत एसटीने आणि पुढे नत्थुजींच्या बैलगाडीने आलो. ग्रामसेवक म्हणून हे माझे पहिलेच गाव. नत्थुजींनी आपल्या घरातली बाजूची खोली दिली. कौशल्याबाईंनी गरम भाकरी आणि ठेचा वाढला, तो खाताना डोळ्यांत पाणी आले. सुभद्रा आणि आशा या त्यांच्या दोन लहान मुली दारात उभ्या राहून हसत होत्या. काळी जमीन, वीतभर कपाशी, मोकळी माणसे. मी खूश आहे.
एकच खटकले. इथे घरोघर ढोरे माणसांशेजारीच बांधतात. मुलींची खाट आणि गोठा यांच्यामध्ये फक्त कुडाची भिंत. रात्रभर गाईचा श्वास ऐकू येतो.

२५ ऑगस्ट
सभा घेतली. गावची सगळी ढोरे नाल्यापलीकडे एका मोठ्या गोठ्यात ठेवायची, म्हणजे घरे स्वच्छ राहतील. कुरकुर झाली. शेवटी नत्थुजी उठून म्हणाले, "तुमी शिकेल मानसं. तुमी म्हन्ता तं करू." सगळ्यांत आधी त्यांनीच आपली बैलजोडी आणि गाय सोडली. सुभद्रा रडली.
तालुक्याला कळवले. गांधी जयंतीला साहेब आदर्श गाव पाहायला येणार!

३ सप्टेंबर
घरे सारवून लख्ख झाली आहेत. दिवेलागणीला नत्थुजींच्या रिकाम्या गोठ्यात सहज डोकावलो. भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसली. कंदील जवळ नेला. डास. शेपूट वर करून, काट्यासारखे रुतून बसलेले. हात फिरवला तर थोडे उडाले आणि पुन्हा तिथेच बसले. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

७ सप्टेंबर
गोठ्याची भिंत आज रिकामी आहे. बरे वाटले.
मग मुलींच्या खाटेवरची भिंत पाहिली.

२० सप्टेंबर
घरोघर थंडीताप. सुभद्रा तीन गोधड्यांखाली कुडकुडते आहे. औषधासाठी दर्यापूरला गेलो. डॉक्टर म्हणाले, हा डास आधी ढोरांवर जातो. ढोर मिळाले नाही की माणसावर. तुमच्या गावची ढोरे कुठे असतात, असे त्यांनी विचारले.
घरीच, असे मी सांगितले.
का खोटे बोललो? गोळ्या घेऊन मान खाली घालून निघालो. फवारणीवाले दिवाळीनंतर येणार आहेत.

२५ सप्टेंबर
नत्थुजींनी विचारले, "गाय आनू काय घरी? पोरगी तिच्यासाठी झुरून राह्यली."
हो म्हणायचे होते. साहेब येऊन जाऊ द्या, असे म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मला कारणही विचारले नाही.

२९ सप्टेंबर
ताप डोक्यात गेला. सुभद्रा पहाटे गेली.
कौशल्याबाईंनी तशातही माझ्यापुढे ताट ठेवले. पोरीसाठी तुमी लय धावले, म्हणाल्या. ताट तसेच सोडून उठलो.

२ ऑक्टोबर
साहेब आले. हार घातला. टाळ्या. नत्थुजींनीही वाजवल्या.

३ ऑक्टोबर
आशाला ताप नाही, पण हातपाय चाव्यांनी फुललेत. राहवले नाही. नत्थुजींना सगळे सांगितले. डॉक्टरांचे बोलणे, माझे खोटे, सगळे.
त्यांनी खुंटीवरचा कासरा काढला. मग म्हणाले, "सायबाले दाखवाले ठेवली काय ढोरं तिकडं? मायी पोरगी गेली तरी?"
शिवी दिली असती तर बरे झाले असते. ते नाल्याकडे निघाले. मी मागोमाग निघालो. मागे वळून एवढेच म्हणाले, तुमी येऊ नका.

३ ऑक्टोबर, दिवेलागण
वरच्या अंगाला पाऊस झालाय. नाला भरून वाहतोय. गुरे पलीकडेच — नत्थुजीही अडकले. आज उतार मिळणार नाही.
कौशल्याबाई एकट्या पदराने वारा घालताहेत. आशा झोपली आहे. भिंतीवर — मोजवत नाहीत.
यांना इथून ओढून न्यायला रक्त हवे. गोठ्यात. ढोराचे नाही, तर माझे.

गोठ्यात आलो. सदरा काढला. खुंट्याजवळ बसलोय, गाय बसायची तिथे. कंदिलाच्या उजेडात दिसताहेत — पाठीवर येताहेत. कुडाच्या फटींतून — पलीकडून इकडे — या.
लिहितोय तो सोडून दुसरा हात हलवायचा नाही. हलवला तर परत जातील.
खांदे, मान — पापणीवर —
आशा चुळबुळते. अजून काही तिकडेच — इकडे या, इकडे — कौशल्याबाई विचारताहेत गोठ्यात कोन आहे — काय सांगू — मी —