सुईआधीचा चहा

९ जानेवारी. पुणे

रक्ताच्या नमुन्यांचे निकाल आले. इतके सुरेख की आधी विश्वासच बसेना. डोंगरातल्या घाटघरच्या बायका आलेखाच्या एका टोकाला, आमच्या पिंपरी पेंढारच्या दुसऱ्या टोकाला, मधे मोकळी जागा. आमच्या लॅबचे सर खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आले. माझ्या आलेखासाठी उठलेले पहिल्यांदाच पाहिले.

आईला लगेच फोन. काय सापडलं म्हणाली. म्हटलं, पोटात अन्न गेलं की इन्सुलिन पेशीच्या दाराशी जाऊन हाक मारतं. आतून ओ आली की पेशी साखर आत घेते. ती ओ किती मोठी, एवढंच आम्ही मोजतो. घाटघरच्यांच्या पेशी खणखणीत ओ देतात, आपल्याकडच्या कशाबशा. आई म्हणाली, त्यांचं नाचणी-भात आणि दिवसभर चढउतार, आपलं शेतातसुद्धा गाडीवर जाणं. हेच तर मी पेपरात लिहिणार आहे! आई जाम खूश. शेवटी रक्त घ्यायचा कॅम्प तिच्या ओट्यावर झालेला.

११ जानेवारी

चुलतघरच्या आशावहिनीची साखर मधुमेहाच्या काठावर. उपाशीपोटीच्या मानाने जास्तच. रिपोर्ट खरं तर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांमार्फत द्यायचं ठरलंय. पण घरचीच माणसं, म्हणून मीच फोन करून सांगितलं. थोडा भावही खायचा होता. वहिनी म्हणाली, "सासूबाईवानी व्हतं का काय आता?" म्हटलं गोड सोड, भात कमी कर, काही होत नाही.

१४ जानेवारी. गावी

संक्रांत. आईकडे हळदीकुंकू, अर्धी आळी आलेली. वहिनीने तीळगूळ घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला, पोरांसाठी. चहाही बिनसाखरेचा. "ताईंनी सांगितल्यापास्नं समदं बंद," बायकांना सांगत होती. मी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. म्हटलं, बघा, अशी शिस्त पाहिजे. वहिनी वाळलीये. चेहरा उतरलाय. पण ठीक आहे, वजन उतरलेलं चांगलंच.

२३ जानेवारी. पुणे

पेपर लिहितेय. "सर्व नमुने रात्रभर उपाशी असताना घेतले" हे वाक्य लिहिताना घाटघर आठवलं. शाळेच्या व्हरांड्यात उजाडायच्या आत जाऊन उभी राहिले होते. एकेकीला विचारत होते, काही खाल्लं? चहा? तंबाखू? परत विचारत होते. ही माणसं काय समजणार, असंच डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. एका म्हातारीने आ करून तोंड दाखवलं. बाकीच्या हसल्या. मी नाही हसले, पुढचं नाव पुकारलं.

आमच्या पिं. पें.ला (पिंपरी पेंढार) हा त्रास नव्हता. आपली माणसं, शिकलेली. निरोप दिला की झालं.

८ फेब्रुवारी

आईचा फोन. आशावहिनी कांदा खुरपता खुरपता वाफ्यातच आडवी झाली. अंगाला दरदरून घाम, बोबडी वळलेली. जीपमध्ये घालून नारायणगावला नेली. सलाईनमधून साखर दिल्यावर डोळे उघडले.

साखर दिल्यावर! म्हणजे कमी झाली होती. काठावरची साखर नुसत्या पथ्याने एवढी खाली येत नाही. काहीतरी घेतलं असणार हिने.

९ फेब्रुवारी. नारायणगाव

सासूची गोळी. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या पाकिटातली अर्धी अर्धी रोज घेत होती. कुणाला न सांगता. वर पोटभर खातही नव्हती. म्हणे, "तुमी काठावर म्हणलात ना ताई. म्या म्हणलं आत पडायच्या आधीच औषध सुरू करावं." विहिरीच्या बाजूच्या वाफ्यात असती तर, एवढंच बोलून तिचा नवरा, दत्तूदादा, बाहेर गेला. माझ्याकडे बघितलंही नाही त्याने.

पुढचं लिहायला मन होत नाहीये. लिहिते.

मी तिला रागावत होते, आणि तेही मी. गोळ्या अशा घेतात का, विचारायचं नाही का वगैरे. ती ऐकत होती. मग हसून म्हणाली, "सुई टोचायच्या आधी काकींनी च्या दिलता बघा, चांगला गोड, आल्याचा. त्योच शेवटचा. त्याच्यानंतर साखर तोंडाला लावली न्हाई."

मी विचारलं, सुईच्या आधी? आईने?

"मंग. थंडी काय व्हती त्या दिवशी."

सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले. तिला वाटलं मी तिच्या काळजीत आहे. तिनेच माझा हात धरला. लाजेने मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी. गावी

आईला आडून विचारलं, कॅम्पच्या दिवशी चहा किती जणींना केला होता गं? ती कौतुकाने सांगायला लागली. मोठं पातेलं चढवलं होतं, शेजारून दूध आणलं, कुणाला सोडलं नाही. "शाली गुंडाळून आलेल्या बाया. ओट्यावर बसवून नुस्तं एकमेकींच्या तोंडाकडं बघाय लावू व्हय? आपल्या दारात कोण बिनचहाचं बसलंय कधी?"

खरंय. आमच्या घरी वसुलीला आलेला माणूससुद्धा चहाशिवाय गेला नाही. हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बायकांना निरोप गेला होता की रात्रीपासून काही खाऊ नका. खाल्लं नव्हतंच त्यांनी. चहाला आमच्यात कोण खाणं म्हणतं! आणि आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला काय सांगायचं, असं वाटलं असेल. वाटलंसुद्धा नसेल, डोक्यातच आलं नाही.

आणखी एक. आई मलाही आत कप आणून देऊन गेली होती. मी नळ्यांवर नावं चिकटवत होते. प्यायले आणि कप खिडकीत ठेवला. बाहेर रक्त घेणं चालूच होतं. बाहेर काय चाललंय, मान वर करून बघितलं नाही.

१३ फेब्रुवारी. पुणे

सगळे आकडे पुन्हा काढून बसले. आता इतकं स्वच्छ दिसतंय की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आम्ही पेशींचे दोन भाग करतो. एक तसाच ठेवायचा, दुसऱ्याला इन्सुलिन द्यायचं, मग दोन्हींतला फरक बघायचा. पिं. पें.च्या 'तशाच' ठेवलेल्या पेशींतली ती ओ मुळातच मोठी होती. चहातली साखर, तिच्यामागे अंगातलं इन्सुलिन. रक्त नळीत यायच्या आधीच पेशींनी ओ दिलेली. वरून मी हाक मारली तर फरक कुठून दिसणार? मी त्यांना बहिऱ्या ठरवून मोकळी झाले.

वहिनीची साखर काठावरची नव्हती, चहाची होती. बहुधा तरी. नक्की आता कुणीच सांगू शकत नाही.

१६ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. म्हणजे अर्धं. पिं. पें.चे नमुने उपाशीपोटी नव्हते, चहा दिला गेला होता, एवढं. दिला गेला होता! काय वाक्य आहे. सरांनी विचारलं, कुणी दिला? माझ्या तोंडून आलं, "घरच्यांनी." ते म्हणाले, "म्हणजे आईनं तुझ्या?" मी मान हलवली. ते सुस्कारा टाकून म्हणाले, असतं असं, गावाकडच्या बायकांना किती समजावणार.

मी तिथेच म्हणायला हवं होतं की मी समजावलंच नव्हतं. जीभ रेटली नाही. त्यांचा राग आईवर गेला आणि मला चक्क हलकं वाटलं.

आईने शेजारून दूध आणलं होतं.

१९ फेब्रुवारी

आज सांगितलं. सर, आईला मी सूचनाच दिली नव्हती. आणि मी तिथेच होते, मीही प्यायले. सरांनी पेनचं टोपण लावलं. पेपर थांबवला. परिषदेला पाठवलेला गोषवारा मागे घ्यायचा. पुन्हा नमुने, दोन्ही गावांतून. मग म्हणाले, "चुका होतात. पण हे सोमवारी का नाही सांगितलंस?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी. गावी

येताना मंचरच्या स्टँडवर एस.टी. बराच वेळ थांबली. मनात आलं उतरावं आणि परतीची गाडी धरावी. नाही उतरले.

घरोघर गेले. तुमचे रिपोर्ट चुकीचे, चूक माझी, पुन्हा रक्त द्याल का. कुणी रागावलं नाही. प्रत्येक घरी आधी बसवलं, चहा टाकला. सगळीकडे प्यायले.

आशावहिनी शेवटी. अंगणात मेथी निवडत होती. सगळं सांगितलं. चहाचं सांगताना 'काकींनी दिला' असं म्हटलं नाही, माझं चुकलं एवढंच म्हटलं. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "तवा म्हणलात हाय. आता म्हणता न्हाई. म्या कोणतं धरू, ताई?"

म्हटलं, आता नाही म्हणत नाहीये मी, माहीत नाही म्हणतेय. पुन्हा तपासू.

"पन तुमाला माहीत न्हाई ह्ये तवा तरी कुठं माहीत व्हतं?"

हिच्याशी मी लहानपणापासून ओळख असल्यासारखी बोलते, लग्न होऊन आल्यापासून हिने मला कधी उलटं उत्तर दिलं नव्हतं. तपासणीला हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पण उपाशीपोटी तपासायला सांगितलंय, तिथेही गेलेली नाही. सुई म्हटलं की अंग चोरते, असं दादा म्हणाला.

घरी आले तर आईला गावातून कळलेलं. भांडी विसळताना पाठमोरीच म्हणाली, "मंग माझ्या चहानं झालं म्हण की."

नाही गं, मी सांगायला हवं होतं, किती वेळा म्हणाले. ती हं हं करत राहिली. पातेलं घासून घासून पुन्हा घासत होती.

४ मार्च. घाटघर

गार वारा अजून आहे. तीच शाळा, तोच व्हरांडा. म्हातारीने मला ओळखलं. मी काही विचारायच्या आतच आ केला आणि म्हणाली, "बघून घ्या पावणीबाय, काय न्हाई आत." सगळ्या हसल्या. या वेळी मीही हसायचा प्रयत्न केला. आजी, मागच्या वेळी चूक आमच्या गावात झाली, माझ्याच घरात, असं सांगितलं. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, रक्त काढून झालं की घरी या, भाकर खाऊन जा.

८ मार्च. गावी

आज पिं. पें.

आईने चूल, गॅस काही पेटवलं नाही. स्वतःसाठीसुद्धा नाही. पातेलं मोरीत पालथं. बायका ओट्यावर येऊन बसत होत्या आणि ती दारात उभी, दोन्ही हात पदरात. येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, आज चहा न्हाई हं, पोरीचं काम हाय. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, काकी, साखर महागली का? आई हसली नाही. मी घाटघरसारखी दारातच उभी राहिले, शाळेतल्या मैत्रिणींना, मामींना, सगळ्यांना तेच विचारलं. काही खाल्लं? चहा? परत विचारलं. त्यांना ते आवडलं नाही, दिसत होतं.

सगळ्यांचं रक्त घेऊन झालं, डबा बंद केला, तेव्हा आईने पातेलं चढवलं. कप वाटत असताना आशावहिनी आली. ओट्याच्या कडेला टेकली. बाही खाली ओढलेली. मी म्हटलं, वहिनी, उपाशी आहेस का? तिने बाही आणखी खाली ओढली.

आईने कप भरला. पण पुढे केला नाही, तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या पातेल्यातला चहा द्यायला ती माझ्या परवानगीची वाट बघत होती.

"द्या काकी," वहिनी म्हणाली. "साखर हाय ना?"

आई अजून माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, दे. वहिनीने सगळा कप सावकाश संपवला, खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं. मग कांदा काढायचाय म्हणून उठली. अंगणातून वळून म्हणाली, "उद्या हाय का तुमी? बघू. ठरलं न्हाई अजून."

आहे म्हटलं. सरांना कळवलं, एक दिवस जास्त लागेल. तिच्या नावाची रिकामी नळी डब्यातून काढून फडताळात ठेवलीये.