डेअरीचा रंगीत कोड

सोमवार, ३ मार्च
मुलिन्दवा साहेबांनी बोलावून सांगितलं, की म्बरारा गावच्या डेअरीच्या प्रोग्राममधली चूक शुक्रवारपर्यंत दुरुस्त केली तर त्या कामाचा टीम लीड मी. चूक किरकोळ आहे. संध्याकाळचं दूध दुसऱ्या दिवसाच्या दुधात धरलं जातं. कोड वीस मिनिटांत लिहिला. उरलेला दिवस रंगांना दिला. काळ्यावर पांढरी अक्षरं, अधूनमधून हिरवं, केशरी. बिनरंगी कोड म्हणजे मिठाविना मातोके, नुसती उकडलेली केळी.

शेजारी बसणारी नम्पिजा म्हणाली, की दादा, साधा मजकूर पाठवला तर दूध नासेल का? हसलो. हिला हे कळायला अजून चार वर्षं लागतील.

४.५० : मेल गेला. साहेबांना, नम्पिजाला आणि डेअरीचं मशीन सांभाळणाऱ्या बारिग्येंना.

मंगळवार, ४ मार्च
बारिग्येंचा फोन. मेल कोरा आला म्हणे. वर नमस्कार, खाली माझं नाव. त्यांच्या मेलच्या प्रोग्रामने काळी पार्श्वभूमी काढून टाकली आणि पांढरी अक्षरं ठेवली. ते म्हणाले, की बाबा रे, पांढऱ्यात पांढरं शोधायचं काम आम्ही दिवसभर करतोच. दोष त्यांच्या प्रोग्रामचा.

निश्चय : पांढऱ्यावर गडद निळं. यात काही बिघडूच शकत नाही.

बुधवार, ५ मार्च
बिघडलं. साहेब मेल फोनवर वाचतात आणि त्यांचा फोन पानं काळी करतो. अक्षरं निळीच राहिली. त्यांनी विचारलं, की काबुये, हा कोड आहे की लाइट गेल्यावरची न्टिंडा वस्ती? फोन खिडकीशी नेऊन, तिरका धरून दाखवला. काही अक्षरं दिसली.

बारिग्येंकडे रंग पुसले गेले आणि ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागाही गेली. सगळ्या ओळी डावीकडे चिकटल्या, त्यामुळे मशीनने कोड घेतला नाही. नम्पिजा म्हणाली, की दादा, माझ्याकडे तर सुंदर दिसतंय. नंतर कळलं, तिने मेल उघडलाच नव्हता.

गुरुवार, ६ मार्च
कोडचा फोटो पाठवला. फोटोचे रंग कोण बदलणार?

बारिग्येंचा प्रोग्राम फोटो दाखवत नाही. रिकामी चौकट, आत फुली. साहेबांच्या फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढा. बारिग्ये आपल्या भाषेत बराच वेळ बोलले. मला ती येत नाही, पण सूर कौतुकाचा होता.

जेवायला वेळ नाही. चपातीत गुंडाळलेलं अंडं एका हाताने खाल्लं, दुसऱ्याने रंग जुळवले.

शुक्रवार, ७ मार्च
९.४० : सापडलं! प्रत्येक शब्दाला त्याचा रंग स्वतंत्र लावला, प्रत्येक ओळीला आपली पार्श्वभूमी. ओळींपुढची मोकळी जागाही पक्की केली. तिन्ही प्रकारच्या मेलमध्ये तपासलं. पाठवला.

१०.०५ : तिघांनाही दिसला. सगळे रंग. बारिग्येंनी तो मशीनमध्ये टाकला. चालला. आठवडा मी जिंकला.

१०.३० : कालचं संध्याकाळचं दूध अजून आजच्या दुधातच.

१०.४० : नम्पिजा माझ्या स्क्रीनवर वाकून म्हणाली, की दादा, रंग खरंच छान आलेत हं, पण मधली ओळ करडी का? करडी ओळ म्हणजे माणसांसाठी लिहिलेली टीप. मशीन ती वाचत नाही. सोमवारी तपासताना मीच पुढे खूण टाकून ती ओळ बंद केली होती. तारीख बदलणारी ओळ तीच.

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, की काबुये, इतकी स्पष्ट दिसणारी चूक मी आजवर पाहिली नाही. म्हणजे रंगांचं काम चोख झालं.

नम्पिजाने खूण काढून ती एक ओळ बारिग्येंना साध्या मजकुरात पाठवली. दूध आपल्या दिवसात परतलं. टीम लीड नम्पिजा.

३.०० : टीम लीडचा पहिला हुकूम. यापुढे डेअरीला कोड मेलने पाठवायचा नाही. दादांनी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जायचं. सोमवारी पहाटेची बस, साडेचार तास.

बरंच झालं. बारिग्येंना रंग समक्ष दाखवता येतील.