हिरवी कड

सोमवार, ३ जून, सकाळी ८.१०
आजपासून न घाबरणे.
कांद्याच्या पापुद्र्यात माझं चमकणारं प्रोटीन प्रत्येक पेशीभोवती हिरवीगार कड धरून उभं आहे. म्हणजे पेशीने ते इवल्या पिशव्यांत भरलं, काठापर्यंत आणलं आणि बाहेर भिंतीत सोडलं. सिद्ध झालं. गुरुवारी कमिटीला हाच फोटो दाखवायचा. पटलं तर माझ्या नोकरीला दोन वर्षं मुदतवाढ. नाही तर महिनाअखेर मी घरी.

मंगळवार, ४ जून
लॅबच्या प्रमुख मॅडमनी फोटो पाहिला. एके काळी हीच माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. शाळा बंद पडल्यावर तिनेच मला या लॅबमध्ये घेतलं. अजून ‘टीचर’ म्हणते. मिठाचं पाणी घालून पाहिलंत का, असं हळूच विचारलं. पेशीचा पडदा भिंतीला इतका चिकटलेला असतो, की हिरवं नक्की कशात आहे ते कळत नाही. खारट पाण्यात पेशी आकसते, पडदा सुटतो, भिंत एकटी उरते. हे मला सांगते! नववीत मीच शिकवलं होतं. उद्या करते म्हटलं.

बुधवार, ५ जून, ११.००
मीठ तोललं. बाटलीला लेबल लावलं, कॉन्व्हेंटच्या सुबक वळणाचं. मायक्रोस्कोपवर कुणीतरी बसलं होतं. अर्धाच तास, पण थांबणं बरं दिसत नाही.
४.३०
मायक्रोस्कोप मोकळा. लेन्स पुसली. दोनदा. मग आभाळ भरून आलं, उजेड गेला. (मायक्रोस्कोपला आपला दिवा असतो, पण तरी.)
धाकट्या बहिणीला फोन केला. मी शास्त्रीय सावधगिरी बाळगतेय, असं समजावलं. तिने सहलीच्या आदल्या दिवशी ताप दिसू नये म्हणून मी थर्मामीटर लपवायचे ते काढलं. जुनं उगाळायची खोडच आहे तिला.

गुरुवार, ६ जून, ९.४०
एक थेंब टाकला. सगळं हिरवं पडद्याबरोबर आत सरकलं. भिंत काळीकुट्ट. एक कणही बाहेर गेलेला नाही.
९.५५
मीठ जास्त झालं असणार. पाणी फिकट केलं. तेच. कांदा बदलला. तेच.
१.३०
कमिटीपुढे जुनाच फोटो लावला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग मी लगेच नवा लावला. सात मिनिटं म्हणजे लगेचच.
मुदतवाढ नाही.
बाहेर पॅसेजमध्ये ती म्हणाली, “टीचर, बसा जरा.”
मला बसायची काही गरज नव्हती. तिचं मन मोडू नये म्हणून बसले.