आबांचा जीवनपट

८ नोव्हेंबर, शनिवार

आबांना जाऊन दोन दिवस झाले. जलदान विधी आणि शोकसभा सोळा तारखेला, रविवारी – मुंबईकरांना सुट्टी मिळते म्हणून. सभेत आबांचा जीवनपट मी वाचायचा, हे वाडीने परस्पर ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी भिकाजीकाका म्हणाले, "बाय, तू पेपरात लिवतंस. आबांच्या बोटीवरच्या तोफेचं नीट लिव हां. सगळी मुंबय येनार हाय!"

तीस वर्षं वार्ताहर आहे. लोकांचे वडील मी वीस मिनिटांत, दोनशे शब्दांत आटोपलेत. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, पश्चात असा असा परिवार. स्वतःच्या वडिलांचं पहिलं वाक्य सकाळपासून अडलंय.

९ नोव्हेंबर

"जन्म १९५१." एवढंच झालं. चहा चारदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईच्या पेन्शनसाठी सैनिक कल्याण कार्यालयात गेले. आबांची नौदलातली जुनी वही आईने ट्रंकेच्या तळातून काढून दिली. ती ट्रंक आबा कुणाला उघडू द्यायचे नाहीत. कारकुनाने पान उलटलं नि वाचलं, "टोपास."

म्हणजे काय? – मी.

त्याने आजूबाजूला पाहिलं. सभ्य होता बिचारा. आवाज खाली आणून म्हणाला, "बोटीवरचे सफाईवाले, मॅडम. संडास, गटारं, सगळंच. आता हे पद नाही."

आबांची नौदलातली पंधरा वर्षं!

मी "बरं" म्हटलं आणि दाखवील तिथे सह्या केल्या. अवघड शब्द दिसला की त्याची फोड करत बसायचं, ही संस्कृतने लावलेली खोड. आज काही फोडावं लागलं नाही.

१२ नोव्हेंबर

एकाहत्तरच्या लढाईची आबांची गोष्ट आठवून पाहिली. "आमच्या बोटीने तोफ डागली नि खाली ताटं खणखणली." डागणारा मी होतो, असं ते कधीच म्हणाले नाहीत. तोफ वाडीने त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत केली नाही, इतकंच.

आणि मी? दहा वर्षांपूर्वी नौदल दिनाला मीच छापलं – "आमच्या मातीतला तोफची"! दुसऱ्या कुणाची बातमी असती तर चार प्रश्न विचारले असते.

घरातला संडास आबांनी आईला कधी धुवू दिला नाही. मलाही नाही. शेजारणी आईला चिडवायच्या – "सुनंदाच्या घरात मिलिटरी शिस्त!" आम्हालाही ती शिस्तच वाटायची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रमोदला फोन केला. माझा धाकटा भाऊ, लोटे एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तोफचीच लिही."

"खोटं आहे रे ते."

"कुणाचं काय बिघडतंय? लोक आबांना सलाम ठोकतात, ठोकू दे की! मेल्यावर त्यांच्या हातात झाडू देऊ नकोस."

माझं न ऐकण्याचा प्रमोदला जन्मसिद्ध अधिकार आहे, त्यात नवल नाही. पण आवाज घाबरल्यासारखा होता. हे नवीन.

१४ नोव्हेंबर

आई तांदूळ निवडत होती. विचारलं. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हाय. लग्नाच्या आदीच सांगितलं त्यांनी."

"आणि वाडीला?"

"वाडीने इचारलं नाय, तुझ्या बापसाने सांगितलं नाय."

"मग मी काय वाचू?"

"ता तू बघ. तुला संस्कृत कशाला शिकवलं मग?"

संस्कृत शिकलेल्याला सगळं समजतं, असा तिचा समज आहे. आमच्या वाडीत संस्कृत घेणारी मी पहिली आणि आजवर शेवटची, त्यामुळे तो खोडून काढायला दुसरं कुणी नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर टाळलं ते आज लिहिते.

एकोणनव्वद साल. मी अकरावीला, शहरात हॉस्टेलवर. आबा भेटायला आले. आमचा संडास तुंबलेला. आबांनी बाजारातून ब्रश नि अ‍ॅसिड आणलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धुवायला बसले. "तुझा वेळ अभ्यासात जाऊ दे."

वर्गातली मुलगी दारात आली. "कोण गं हे?"

मी म्हटलं, "हॉस्टेलचा माणूस असेल."

आबांनी ऐकलं. हात थांबला नाही. निघताना पिशवीतून संस्कृतचा कोश काढून माझ्या हातात दिला. नवाकोरा. एसटी निघेपर्यंत माझ्याशी पावसापाण्याचं बोलत राहिले.

पान लिहून झालं. टोपास लिहिलं. हेही लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वाचलं.

मंडप भरलेला. त्रिशरण-पंचशील झालं आणि माझं नाव पुकारलं. "सफाई कामगार" वाचलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. हॉस्टेलशी आले आणि पान खाली ठेवलं. पाणी प्यायले. पुन्हा त्याच ओळीपासून वाचलं. शोकसभेत टाळ्या नसतात, त्यामुळे लोकांना काय वाटलं ते कळायला मार्ग नाही.

नंतर भिकाजीकाका जवळ आले. डोळे लाल. "बाय, तोफ काढलीस ती काढलीस. हॉस्टेलचं कशाला सांगितलंस?"

"ते माझं होतं, काका."

प्रमोद अर्ध्यातच उठून गेला. जेवला नाही. त्याची बायको तेजल त्याच्यामागे धावली. निघताना माझ्याकडे पाहिलंही नाही त्याने.

२० नोव्हेंबर

प्रमोदला तीनदा फोन केला. उचलत नाही. आई म्हणते, येईल. कधी, ते ती सांगत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी प्रमोदचा फोन.

"ताई, मी ऑपरेटर नाहीये. बारा वर्षं कंपनीतली गटारं नि टाक्या धुतोय. तिथेच अंघोळ करून घरी येतो. फक्त आबांना माहीत होतं. म्हणायचे, मला जमलं नाही, तू तरी पोरांना सांग."

मी विचारलं – तेजलला कधी सांगणार?

"फोन स्पीकरवर आहे, ताई. पोरंही इथेच बसलीत."